हलशीचं ऐंशीवं वर्ष

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

एम.ए.ला इतिहास घेऊ की तत्त्वज्ञान, असं विचारलंस. दोन्हीनं पोट भरत नाही, हे तुझ्या बाबांचं मतही कळवलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुला हलशीची गोष्ट सांगतो.

आपल्या खानापूर तालुक्यातल्या या गावात कदंब राजांचे ताम्रपट सापडले. जुने लेख वाचणाऱ्या इंग्रज फ्लीटसाहेबानं ते वाचून छापले. त्यातल्या एकात युवराज काकुस्थवर्मा श्रुतकीर्ती सेनापतीला शेत देतो. कधी? 'आपल्या विजयाच्या ऐंशीव्या वर्षी'. आता युवराज, आणि त्याच्या विजयाला ऐंशी वर्षं! कुणी म्हणालं, ही मोजणी मूळपुरुष मयूरशर्म्यापासूनची. कुणी म्हणालं, हा गुप्त राजांचा संवत.

पण 'हे अशक्य' असं पत्र्यावर कुठं कोरलंय? माणसाचं आयुष्य तेव्हाही आपल्याएवढंच होतं, हे गृहीत धरूनच आपण वाचायला बसतो. ते गृहीत उलटसुलट तपासायचं काम तत्त्वज्ञानाचं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७४८ मध्ये चमत्कारांच्या साक्षीबद्दल हेच विचारलं होतं : सांगितलं ते घडणं जास्त नवलाचं, की सांगणारा चुकणं? पुढं त्याच ह्यूमनं १७५४ पासून इंग्लंडचा इतिहास सहा खंडांत लिहिला आणि हयातीत नाव कमावलं ते जास्त करून त्यावरच. त्याला कुणी दोनातलं एक निवडायला लावलं नाही.

उलट बाजूही बघ. नुसतं तत्त्वज्ञान घेऊन बसलीस, तर ऐंशीचा आकडा तुझ्यासमोर येणारच नाही. तो पत्र्यावरच भेटतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. तरुणपणी एका सभेत मी हलशीचा दाखला देऊन 'हा मुलूख आमचाच' असं ठणकावलं होतं. टाळ्या पडल्या. घरी येऊन ताम्रपटाचा पाठ उघडला, तर तो संस्कृतात. मराठी की कन्नड, हा प्रश्न त्या युवराजाच्या गावीही नव्हता. तो १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेनंतरच्या माझ्या डोक्यातला. प्रश्न चुकीचा नव्हता गं, पण तो मी पत्र्याच्या तोंडी घातला होता. लाज वाटली. त्यानंतर सभेत हलशी काढली नाही.

तेव्हा इतिहास घे, तत्त्वज्ञानाचे तास चुकवू नकोस. मोडी येतेच तुला. आता हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, शीक, शिलालेखांत तीच भेटेल. घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत.

रविवारी खानापूर स्टँडवर ये. नंदगडवरून हलशीला जाऊ. कन्नड माध्यमातली ती तुझी मैत्रीण आहे ना, तिलाही आण. देवळात तिला वाचायला लावू.

तुझा,
मास्तरकाका