मापाच्या वहीतल्या गोष्टी

"मॅडम, लिहून होतं हो. पण कुणाला दाखवायचं म्हटलं की हात गार पडतात." हे वाक्य मी कॉलेजच्या मुलांकडून ऐकलंय, निवृत्त शिक्षकांकडून ऐकलंय. 'धाडस कसं आणायचं?' हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यावर एक अनुभव सांगते, त्या बाईंच्या परवानगीने आणि नाव बदलून.

सुनंदाताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. वय 48, घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. गावातल्या वाचनालयाच्या कथास्पर्धेत मुलीने त्यांचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. तेव्हापासून पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधडायचं. तिसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून मापाची वही काढली. पुढून बघावं तर उंची 14, छाती 36, बाही 6, शेजारी गिऱ्हाइकाचं नाव आणि चिकटवलेला कापडाचा तुकडा. मागून उघडली की पेन्सिलीने लिहिलेल्या गोष्टी. अख्ख्या गल्लीची नावं त्या वहीत होती, फक्त त्यांचं स्वतःचं कुठेच नव्हतं.

मी दोन पानं वाचली आणि अगदी मनापासून म्हणाले, "किती छान लिहिता हो!" त्यांनी वही मिटली. पुढचे दोन आठवडे त्या आल्याच नाहीत.

चूक माझी होती. कारण पुढच्या भेटीत कळलं. आठवीत असताना त्यांनी आजोळच्या विहिरीवर निबंध लिहिला होता. गुरुजींनी वर्गासमोर उभं करून विचारलं, "कुठून उतरवलास? खरं सांग." मीच लिहिला म्हटल्यावर हातावर दोन छड्या बसल्या. "तुम्ही छान म्हणालात ना, मला वाटलं आता पुढचा प्रश्न तोच येणार."

लोक नावं ठेवतील, असं आपण सगळेच म्हणतो. पण त्याच्या पोटात प्रत्येकाचं वेगळं काहीतरी असतं. कुणाला घरातलं चव्हाट्यावर येईल याची धास्ती, कुणाला शुद्धलेखनाची लाज. ताईंना गोष्ट वाईट ठरण्याची भीती नव्हतीच. ती त्यांची आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ही होती. म्हणून 'बिनधास्त लिहा' या सल्ल्याचा कुणालाच उपयोग होत नाही. आधी भीतीचं नेमकं नाव काढावं लागतं.

एकदा त्या म्हणाल्या, "बहिणाबाईंचंसुद्धा त्या गेल्यावरच छापलं ना? माझंही राहू दे मागाहून." पुस्तकाचं खरं आहे. बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या, कविता 1952 मध्ये छापल्या. पण त्या गाणी म्हणायच्या त्या जात्यावर, शेतात, मोठ्याने. आजूबाजूच्या बायका ऐकायच्या, आणि घरात मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली. छापणारा उशिरा भेटला, ऐकणारी माणसं मात्र कायम होती. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला एकच चालेल."

एका माणसापासूनच सुरुवात करायची होती. पहिला सराव माझ्याच खोलीत झाला. मी खुर्ची खिडकीकडे फिरवली, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसणार नाही. वाचण्याआधी त्यांनी कागदावर लिहिलं: 'भीती दहापैकी नऊ. मॅडम विचारतील कुठे वाचलं.' एक परिच्छेद वाचला, आवाज दोनदा अडकला. नंतर त्याच कागदावर: 'पाच. विचारलं नाही.' वाटलेलं आणि घडलेलं असं शेजारी शेजारी ठेवणं मला फार मोलाचं वाटतं, कारण भीतीला स्वतःचा हिशेब ठेवायची सवय नसते.

दुसरी श्रोती त्यांनीच निवडली, हूक-काज करायला येणारी मुलगी. मी एवढंच सुचवलं की 'कशी वाटली?' असं विचारू नका. त्यावर माणसं 'छान' म्हणतात आणि विषय संपतो. 'कुठे कंटाळा आला?' असं विचारा. मुलगी हातातली सुई न थांबवता म्हणाली, "सासू मरते तिथे मला काही वाटलं नाही. पण तिची काठी आठ दिवस कुणी उचलत नाही ना, तिथे गलबललं." ताईंनी मरणाचा सगळा परिच्छेद खोडला आणि काठी ठेवली. मला हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की त्या दिवशी मी भीतीचा आकडा विचारलाच नाही.

स्पर्धेला त्या गेल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही, ते नाव मुलीने दिलं होतं. चार महिन्यांनी त्यांनी आपणहून एका छोट्या दिवाळी अंकाला काठीची गोष्ट पाठवली, वर पूर्ण नाव लिहून. कथा साभार परत आली. सोबत संपादकांची ओळ होती: 'शेवट घाईत झाला आहे.'

मी काळजीने फोन केला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

"झोप लागली का काल?"

"लागली की. पण मॅडम, शेवट घाईत नाही झालेला. त्यांनी घाईत वाचलाय. मी त्यांना तसं कळवणार आहे."