गोव्यातल्या कॉलेजात शिकताना एआयला आपला स्वतःचा शिक्षक करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की प्राथमिक शाळा सत्तरी तालुक्यात मराठीतून झाली, पाचवीपासून सगळं इंग्रजीत गेलं, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र आहे. वर्गात साठ मुलं, सर भरभर पुढे जातात, शिकवणी परवडत नाही. चॅटजीपीटी तुमच्यापुरता शिक्षक होऊ शकेल, की त्याने डोकं गंजेल, असा तुमचा प्रश्न आहे.

होऊ शकतो. अट एकच: आधी तुमचं उत्तर त्याच्यापुढे ठेवायचं, अर्धवट असो की साफ चुकलेलं, आणि मगच त्याला बोलू द्यायचं. मी गोव्यातच कॉलेजच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. या अटीबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते सांगतो.

डोकं गंजण्याची भीती खोटी नाही. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळजवळ हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ (चॅटजीपीटीमागचं मॉडेल) देऊन पाहिलं गेलं. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष बाहेर आले. ज्यांना नुसता चॅटबॉट मिळाला, त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण कमी शिकलोय हे त्यांचं त्यांना कळलंही नव्हतं. मला यातलं हेच सगळ्यात गंभीर वाटतं. आणखी एका गटाला तेच मॉडेल दिलं होतं, फक्त शिक्षकांनी त्याला बजावून ठेवलं होतं की उत्तर सांगायचं नाही, फक्त दिशा दाखवायची. त्या गटाचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान बरंचसं टळलं. हार्वर्डमध्ये २०२३ साली भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. तिथे शिक्षकांनी पायरी-पायरीने बांधून दिलेला एआय शिक्षक वापरणारी मुलं, वर्गात चर्चा आणि कृती करून शिकणाऱ्या मुलांपेक्षा कमी वेळात जास्त शिकली.

तुमच्या हातात असा बांधून दिलेला शिक्षक नाही. चॅटजीपीटीत जुलै २०२५ पासून अभ्यासासाठी वेगळा मोड आहे, गूगलच्या जेमिनीतही तशी सोय आहे. ती जरूर वापरा. पण तिथेही ‘सरळ उत्तर दे’ म्हटलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. म्हणून लगाम तुमच्याच हातात लागतो.

मागणीची लवचीकता घ्या, म्हणजे भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते ते. ती तुम्ही आतापर्यंत दोनदा तरी शिकला असाल. समजा बांगडे १०० रुपये किलो असताना एका मासळीवालीचे दिवसाला ६० किलो खपतात, २०० ला ४० किलो, ३०० ला २० किलो. आलेख काढला तर सरळ रेषा येते. बरीच मुलं पेपरात लिहितात की उतार सगळीकडे सारखा, म्हणून लवचीकताही सगळीकडे सारखीच. अशा मुलाने चॅटबॉटला ‘लवचीकता समजावून सांग’ म्हटलं की तो व्याख्या देतो, सूत्र देतो, चहा-कॉफीचं उदाहरण देतो. सगळं बरोबर असतं. मुलगा मान डोलावतो, आणि मनातली चुकीची समजूत जागची हलत नाही, कारण ती कोणी बाहेर काढलेलीच नसते.

तोच मुलगा आपलं चुकीचं वाक्य जसंच्या तसं टाकून म्हणाला, ‘माझ्या विचारात पहिली चूक कुठे आहे तेवढंच बघ. उत्तर सांगू नकोस, मला एकेक प्रश्न विचार’, तर गाडी वेगळ्या रस्त्याला लागते. १०० रुपये भावाला गल्ला किती? ६,०००. २०० ला? ८,०००. ३०० ला? पुन्हा ६,०००. दोन्ही वेळा भाव शंभरानेच वाढला आणि खप वीस किलोंनीच घटला, तरी एकदा गल्ला चढला आणि एकदा उतरला, असं का? इथे त्याला स्वतःलाच दिसतं की टक्केवारी ज्या आकड्यावर काढायची तो आकडाच रेषेवर बदलत जातो. १०० रुपयांवर लवचीकता एक तृतीयांश, २०० वर बरोबर एक, ३०० वर तीन. आपली चुकीची समजूत ज्याने अशी स्वतः मोडली, तो सहा महिन्यांनीही हे विसरत नाही.

उदाहरणं आपल्या ओळखीची मागा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत पुरवठ्याची रेषा कुठे सरकते हे तुम्ही त्याला समजावून सांगा आणि त्याला शंका काढायला लावा. तुमच्या सत्तरीत काजूचा भाव यंदा दुप्पट झाला म्हणून यंदा झाडाला दुप्पट बोंडं धरत नाहीत. नवी लागवड धरायला काही वर्षं जातात. अल्पकाळातला आणि दीर्घकाळातला पुरवठा कसा वेगळा वागतो, ते तुम्ही घरच्या बागायतीत बघितलेलं आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. हा चॅटबॉट तुम्हाला ओळखत नाही. चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधी गणित शिकवणारी संगणक-प्रणाली बनवली गेली होती. ती विद्यार्थ्याची प्रत्येक पायरी नोंदवून त्याला कोणतं कौशल्य किती जमलंय याचा हिशेब ठेवायची. साध्या चॅटमध्ये असा पक्का हिशेब नसतो. मागचं थोडंफार त्याला आठवतं, पण तुमची कच्ची बाजू कोणती, हे तो शोधत बसत नाही. तो हिशेब तुम्ही ठेवा. एक वही करा: प्रश्न कोणता होता, मी काय लिहिलं, कुठे चुकलं, का चुकलं. आठवड्याने त्यातल्या चार-पाच नोंदी टाइप करून द्या आणि म्हणा, ‘याच जातीची चूक होईल असे नवे प्रश्न काढ, मी सोडवेपर्यंत गप्प राहा.’ मध्ये दिवस जाऊ द्यायचे ते मुद्दाम. पुन्हा वाचण्यापेक्षा थोडं विसरल्यावर आठवून लिहिण्याने जास्त टिकतं, हे मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. सत्तरीत काही भागांत नेटवर्क दगा देतं. तेव्हा कॉलेजात असतानाच प्रश्न काढून घ्या आणि घरी कागदावर सोडवा. त्याने अभ्यास उलट चांगलाच होतो.

‘माझं बरोबर आहे ना?’ असं मात्र विचारू नका. या मॉडेलना हो ला हो करायची खोड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा एक बदल अतिस्तुती करतो म्हणून खुद्द कंपनीलाच मागे घ्यावा लागला होता. त्यापेक्षा सांगा, ‘कडक परीक्षक म्हणून दहापैकी गुण दे आणि कापलेल्या प्रत्येक गुणाचं कारण दे.’

भाषेचं म्हणाल तर समजून मराठीत घ्या, बिनधास्त. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्या, कारण पेपर इंग्रजीत आहे. समजलं की चॅट बंद करायचं आणि उत्तर स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहायचं, मग ते तपासायला द्यायचं. नुसतं भाषांतर करून घेतलंत तर आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या दिवशी हातात काहीच नसेल. मराठी शाळेतून आलेल्या मुलांचं डोकं कमी चालत नाही, ती इंग्रजी वाक्यापाशी अडतात. इतकी वर्षं ही मुलं वर्गात हात वर करायला कचरताना बघून मला फार वाईट वाटत आलंय. पुन्हापुन्हा विचारलं तरी न कंटाळणारं कोणीतरी त्यांना मिळालंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

‘मी चित्रांनी शिकणारा’, ‘मी ऐकून शिकणारा’ असली वर्गवारी त्याला सांगत बसू नका, तिला भक्कम पुरावा नाही.

गोव्याचे आकडे त्याच्याकडून कधीच घेऊ नका. खाणी, पर्यटन, काजू, काहीही विचारा, ठाम आवाजात चुकीचा आकडा मिळू शकतो. राज्याच्या नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाची प्रकाशनं आहेत, पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. प्रकल्पाचे आकडे तिथून घ्या. असाइनमेंटमध्ये एआय वापरायचा असेल तर सरांना आधी विचारा आणि कुठे वापरला ते लिहून द्या. मित्रांच्या मार्कशीट किंवा आधार कार्डाचे फोटो चॅटमध्ये टाकू नका.

आणि ती वही सरांकडे घेऊन जा. साठ मुलांच्या वर्गात कोणाचं काय अडलंय हे आम्हाला फळ्यापाशी उभं राहून दिसत नाही. ‘सर, मला समजत नाही’ म्हणणाऱ्याला कुठून सुरुवात करू, हा आम्हालाही प्रश्न पडतो. पण ‘सर, ही तीन गणितं मी अशी केली, एआय म्हणतो इथे चुकलं, मला ते पटत नाही’ असं कोणी स्टाफरूममध्ये येऊन म्हणालं, तर पाच मिनिटांत काम होतं. शिवाय अशा वादात कधीकधी मुलगाच बरोबर निघतो.