घर डिसेंबरात पाहू नका, श्रावणात पाहा

लेस्टरहून आलेले एका भगिनींचे चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. यजमान येत्या वर्षी निवृत्त होत आहेत, मुलगी लग्न होऊन तिकडेच स्थिरावली आहे, आणि ३२ वर्षांनंतर दोघांनाही परत यायचे आहे. यजमान सांगलीचे, त्या स्वतः साताऱ्याच्या. त्या लिहितात, "आम्ही डिसेंबरात तीन आठवडे आलो होतो. सांगलीत नदीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आणि साताऱ्यात यवतेश्वरच्या वाटेवर एक टुमदार बंगला, असे दोन्ही पाहून ठेवले आहे. दोन्ही आमच्या ८० लाखांत बसते. हवा इतकी सुंदर होती की कुठेही राहावे असे वाटत होते. ताई, कोणते घ्यावे एवढेच सांगा, म्हणजे मार्चमध्ये व्यवहार उरकून टाकतो."

तुमची ओढ मला कळते. मीही परदेशात २४ वर्षे काढून २०१४ साली साताऱ्यात परतले, आणि परतीच्या वर्षी माणसाला घराच्या किल्ल्या हातात घेण्याची किती घाई होते, हे मी भोगलेले आहे. पण तुमच्या पत्रातल्या "डिसेंबरात" या एका शब्दाशी मी थांबले आहे. आपण सगळेच डिसेंबरात येतो, कारण सुट्टी तेव्हा मिळते, लग्नकार्ये तेव्हा असतात, आणि त्या दिवसांत आपली गावे दाखवण्याच्या कार्यक्रमाला नटून बसलेली असतात. आभाळ स्वच्छ असते, नदी पात्रात असते, रस्ते कोरडे असतात. तेवढ्या पाहण्यावर आयुष्यभराचा संसार ठरवायचा, हे तुमच्यासारख्या हिशेबी माणसांना शोभत नाही.

सांगलीचे आधी सांगते. सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच पडतो, आणि त्यामुळेच बाहेरून येणारा माणूस फसतो. सांगली बुडते ती वरच्या पाण्याने. महाबळेश्वरपासून घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कृष्णेत येतो, कऱ्हाडला कोयना मिळते, सांगलीच्या अंगणात हरिपूरला वारणा मिळते. वर धरणे भरली आणि विसर्ग वाढवावा लागला की गावात ऊन पडलेले असतानाही घाट पाण्याखाली जातात. म्हणून पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटल्यावर प्रकृतीच्या आधी "आयर्विनला किती फूट?" असे विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याआधी २००५ साली महापूर आला होता, आणि २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, तो पुन्हा आला.

माझ्या धाकट्या दिरांचे घर मारुती चौकापासून जवळ आहे. २००५ चे पाणी जिथवर आले होते, तिथे त्यांनी भिंतीवर निळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती, आणि पुढची १४ वर्षे घरातली प्रत्येक मोलाची वस्तू त्या रेघेच्या वर ठेवण्याचा नेम त्यांनी पाळला. २०१९ मध्ये पाणी त्या रेघेच्याही वर कमरेइतके चढले. पूर ओसरल्यावर मी साताऱ्याहून तिकडे गेले, तेव्हा सागवानी कपाटाचे खण फुगून असे घट्ट बसले होते की ते उघडायला सुताराला बोलवावे लागले. आत जाऊबाईंचा लग्नातला शालू होता. घडीच्या प्रत्येक पदरात गाळाचा पातळ थर बसला होता, आणि त्या तो शालू बादलीत बुडवून पुन्हा पुन्हा पिळत होत्या. पाणी मात्र गढूळच निघत होते.

तुम्ही म्हणाल की आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. पाणी तुमच्या दिवाणखान्यात येणार नाही, हे मान्य. पण खाली पाणी आले की वीज बंद होते, लिफ्ट बंद होते, पंप बंद होतो आणि नळ कोरडे पडतात. २०१९ मध्ये माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. तुमच्या यजमानांना रोज इन्सुलिन लागते, असे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिले आहे. ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते, मग वीज नसलेल्या घरात तुम्ही ते किती दिवस सांभाळणार? म्हणून सांगलीत घर घ्यायचेच असेल, तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा आधी नकाशावर पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमची इमारत या दोन्हींच्या कोणत्या बाजूला आहे, हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, कागदावर पाहा. विश्रामबागेकडे किंवा मिरजेकडे सरकले की नदीपासून अंतरही पडते आणि मनही निश्चिंत राहते.

आता साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेल्या या गावाला सांगलीसारखा पूर माहीत नाही, म्हणून बंगलाच घ्यावा, असे तुम्हाला वाटले असेल. आम्हीही तेच केले होते. जानेवारीत, यवतेश्वरच्याच अंगाला, दरीकडे तोंड असलेले घर घेतले. साताऱ्यातून कासच्या दिशेने जसजसे चढावे तसतसा पाऊस वाढत जातो, आणि शहरात भुरभुर असते तेव्हा वर ढग घरात शिरलेले असतात. पहिल्याच आषाढात कपाटातले बूट हिरव्या भुरशीने भरले, पंधरा पंधरा दिवस कपडे वाळेनात, आणि माझ्या यजमानांचा दमा, जो परदेशात वर्षानुवर्षे शांत होता, तो उसळला. एका रात्री त्यांना दवाखान्यात न्यायचे होते आणि घाटात दरड आलेली होती. ती रात्र मी विसरलेली नाही. दोन पावसाळ्यांनंतर आम्ही ते घर पदरचे पैसे घालून विकले आणि खाली शाहूपुरीत आलो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, यंदा काहीच घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, ज्येष्ठात या, आणि दिवाळीपर्यंतचे महिने दोन्ही गावांत वाटून राहा. तुमच्या यजमानांना "भाड्याचे पैसे फुकट जातील" असे वाटते. त्यांना सांगा की चुकीचे घर विकताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि फर्निचर यांतले काहीच परत मिळत नाही, आणि त्यापुढे भाडे अगदी किरकोळ आहे.

तुमचे बाकीचे प्रश्न लहान आहेत. सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे शेतजमीन विकत घेण्याचा विचार सोडून द्या. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, ती विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित हिस्सा वारसाने येत असेल, तर ती गोष्ट वेगळी. ब्रिटनचे सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यांना मिळते, पण ते दरवर्षी वाढत नाही, म्हणून महिन्याचा हिशेब आजच्याच आकड्यावर बसवा. वैद्यकीय सोयीत मिरजेचे पारडे जड आहे. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रेल्वे जंक्शनही आहे. मुलगी रुसली आहे, तिला पहिल्या पावसाळ्यातच बोलावून घ्या.

येताना चामड्याच्या वस्तू आणू नका, औषधे मात्र दोन महिन्यांची जवळ ठेवा. सांगलीत असाल तेव्हा रोज सकाळी यजमानांसोबत आयर्विनवर जाऊन पाणी पाहून या. गौरी जेवणाला माझ्याकडे साताऱ्यात या, तेव्हा दोन्ही गावांविषयी पुन्हा बोलू. आणि ज्या गृहस्थांनी मार्चपूर्वी विसार मागितला आहे, त्यांना आजच नकार कळवा.