वॉर्डात गेल्यावर नर्सिंगचे विद्यार्थी एथिक्स का विसरतात?

प्रश्न नाशिकच्या बीएससी नर्सिंगच्या मुलांबद्दल आहे. खरं तर ते विसरत नाहीत, वेळ आणि माणसं कमी पडतात.

टीपीआर चार्टच घ्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद. श्वास पूर्ण 1 मिनिट मोजायचा. नाडी, ताप, बीपी धरून एका रुग्णाला निदान 4-5 मिनिटं लागतात. 30 खाटा म्हणजे 2 ते अडीच तास. राउंडच्या आधी अर्ध्या तासात चार्ट हवा असेल, तर सगळ्या रुग्णांच्या नावापुढे ‘श्वसन 20’ लिहून मोकळे होतात. प्रकृती ढासळताना श्वासाचा वेग बहुतेकदा आधीच वाढायला लागतो, आणि नेमका तोच आकडा खोटा! मोजलं नसेल तर रकाना कोरा ठेवून सिस्टरना सांगा. धाप लागलेले, तापाचे आणि ऑपरेशन झालेले रुग्ण आधी घ्या.

दुसरी अडचण संमतीची. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आजीबाई मान हलवतात, म्हणजे त्यांना कळलं असं नव्हे. ‘मी विद्यार्थिनी आहे, लघवीची नळी (कॅथेटर) घालणार आहे, चालेल का?’ हे सोप्या शब्दांत विचारा; लागलं तर कोकणा बोली येणाऱ्या नातेवाइकाला मध्ये घ्या. पडदा नसेल तर चादर धरायला मैत्रीण बोलवा. तीही पोस्टिंगलाच असते.

सीनियरची चूक दिसूनही मुलं गप्प राहतात, कारण इंटर्नल मार्कांची भीती. औषध देण्याआधीच ‘सिस्टर, डोस परत एकदा बघता का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. स्वतः न दिलेल्या औषधापुढे सही मात्र अजिबात करू नका.