हुकाचं राहू द्या, ट्रॉली जोडलेली होती का?

प्रश्न : द्राक्षबागेच्या कामासाठी घेतलेल्या पिकअपला घरीच भोकं पाडून आणि वेल्डिंग करून मागे ट्रॉलीचा हुक बसवला. पुढे अपघात झाला, गाडीचं मोठं नुकसान झालं. 'वाहनात अनधिकृत बदल' असं कारण देऊन विमा कंपनीने क्लेम नाकारला. पत्र येऊन २० महिने झाले. एजंट 'बघतो' म्हणतो. हुक बेकायदा आहे का? आता काढून टाकू का? (बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : काढू नका. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या फोटोंत तो असणारच. आता काढलात तर पुरावा नाहीसा केल्याचा ठपका येईल.

असे प्रश्न नेहमी येतात आणि सगळे हुकाबद्दलच विचारतात. तुम्हीही पट्टी किती जाडीची, बोल्ट कुठले, हे पानभर लिहिलंत. पण अपघाताच्या वेळी मागे ट्रॉली जोडलेली होती की नव्हती, हे एका शब्दाने सांगितलं नाहीत. प्रकरण तिथेच ठरणार आहे. मालवाहू वाहनाच्या प्रमाणित पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' दिलेल्या असतात आणि ट्रेलर ओढत असतानाचा वापर त्यात वगळलेला असतो. बंद पडलेलं एखादं वाहन मोबदला न घेता ओढून नेलं, तर तेवढी सूट. तुमच्या पॉलिसीतली शब्दरचना स्वतः वाचा.

ट्रॉली जोडलेली नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'बदल' म्हणजे वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार. नुसत्या हुकाने पिकअपचं मूळ वैशिष्ट्य बदलत नाही, असं मांडता येईल. चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला भोकं पाडलीत, तेव्हा कंपनीही वाद घालेलच. कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण तो विषय आरटीओचा. अपघात हुकामुळे झाला नसेल, तर त्यावरून अख्खा क्लेम बुडवणं मला पटत नाही.

जोडलेली असेल, तर अवघड आहे. ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, तिला स्वतःची नोंदणी लागते. गावात बनवून घेतलेल्या ट्रॉलीला ती बहुधा नसते. तरी दोन आधार उरतात. नकाराच्या पत्रात न घेतलेली हरकत कंपनीला नंतर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गलाडा पॉवर प्रकरणात म्हटलं आहे. वापराची अट मोडूनही क्लेमचा काही भाग देण्याचा आदेश २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात झाला होता. हे तुमच्या प्रकरणात कितपत चालेल, ते पत्र आणि पंचनामा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण खोटं लिहू नका. पंचनाम्यात ट्रॉली असेल आणि तक्रारीत नसेल, तर उरलेलंही जाईल.

आता मुदतीचं बोलू. ग्राहक आयोगात जायला नकारापासून दोन वर्षं मिळतात. त्यातले २० महिने तुम्ही एजंटच्या फोनवर घालवलेत, याचा मला खरंच राग येतो. एजंटशी झालेलं बोलणं मुदत वाढवत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण 'एजंट बघतो म्हणाला' हे कारण आयोगाला पुरेल, असं धरून चालू नका. विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आणि मुंबईत आहे, खर्चही नाही. पण आधी कंपनीला लेखी निवेदन देऊन महिनाभर थांबावं लागतं. तेवढ्यात आयोगाची मुदत थांबेल, असं समजू नका. मी तुमच्या जागी असतो तर थेट जिल्हा आयोगात गेलो असतो.

या आठवड्यात पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची प्रत काढा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत कंपनीकडे लेखी मागा. ती येईपर्यंत तक्रार अडवून ठेवू नका. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात किंवा ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. शुल्क क्लेमच्या नव्हे, भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर ठरतं आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, म्हणून दुरुस्तीची बिलं आणि गाडीचे फोटो आत्ताच नीट जपून ठेवा.