शस्त्रविक्रीची ‘मंजुरी’ म्हणजे विक्री नव्हे

अमेरिकेने कुणाला तरी शस्त्रे विकल्याची बातमी आली की पत्रांचा ढीग पडतो, आणि बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो.

प्रश्न : अमेरिकी सरकारने विक्री मंजूर केली, म्हणजे करार झाला ना?

नाही. ती काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिलेली सूचना असते. त्यातला आकडा अंदाजाची कमाल मर्यादा सांगतो.

प्रश्न : काँग्रेसने विरोध केला तर विक्री अडते का?

कायद्यात सोय आहे. १९७६ च्या कायद्यानुसार मोठ्या विक्रीची सूचना नाटो आणि काही निकटच्या मित्रदेशांसाठी १५ दिवस, इतरांसाठी ३० दिवस आधी द्यावी लागते. पण विरोधाच्या ठरावावर अध्यक्ष नकाराधिकार वापरतात आणि तो उलटवायला दोन-तृतीयांश मते लागतात. १९८६ मध्ये सौदी अरेबियाच्या क्षेपणास्त्रांवरून सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, नकाराधिकार उलटवायला एक मत कमी पडले. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी असे तीन ठराव फेटाळले. या मार्गाने आजवर एकही विक्री थांबलेली नाही.

प्रश्न : पाकिस्तानला एफ-१६ लढाऊ विमाने देणारा अमेरिकी पक्ष कोणता? आमच्याकडे यावरून रोज भांडणे होतात.

भांडण करणाऱ्या दोन्ही बाजू अर्धाच इतिहास सांगतात. १९८१ मध्ये ही विमाने द्यायचे ठरवले रिपब्लिकन रेगन यांनी. १९९० मध्ये पाकिस्तानकडे अण्वस्त्रे नसल्याची हमी देता येत नाही म्हणून पुरवठा तोडला तोही रिपब्लिकन थोरल्या बुश यांनीच, आणि पैसे भरलेली विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात पडून राहिली. त्या पैशांची तडजोड १९९८ मध्ये डेमोक्रॅट क्लिंटन यांनी केली. २००५ मध्ये विक्री पुन्हा उघडली धाकट्या बुश यांनी.

२०१६ चे प्रकरण तर नीट वाचाच. ओबामा सरकारने आठ विमानांची, सुमारे ७० कोटी डॉलरची सूचना दिली. ती अडवण्याचा ठराव सिनेटने ७१ विरुद्ध २४ मतांनी बाजूला सारला. म्हणजे विक्री झाली? नाही. सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब कॉर्कर यांनी अमेरिकी मदतनिधी रोखला. पूर्ण किंमत स्वतः भरायची वेळ आली आणि पाकिस्तानने प्रस्तावाची मुदत उलटू दिली. विक्रीला हरकत नव्हती, अनुदान मिळाले नाही, एवढ्यावर व्यवहार बुडाला. २०२२ च्या ४५ कोटी डॉलरच्या सूचनेत तर नवे विमान वा नवे शस्त्र नव्हतेच. ती असलेल्या विमानांच्या देखभालीसाठी होती. तरीही ‘बायडननी विमाने दिली’ हा फॉरवर्ड फिरत राहिला, याचा मला संताप येतो.

म्हणून आधी टप्पा बघा : मागणीपत्र, काँग्रेसला सूचना, प्रस्तावपत्रावर सही, उत्पादकाशी कंत्राट, मग वस्तू हाती. आणि पैसे कोणाचे, तेही विचारा. सूचनेबद्दलचे अमेरिकी सरकारचे मूळ निवेदन एक-दोन पानांचे असते. तेवढे वाचूनच पक्षाला दोष द्या.

प्रश्न : अशी बातमी येताच संबंधित कंपनीचे शेअर घ्या, असे टेलिग्रामवर सांगतात. घ्यावेत का?

टिपवर घेऊ नका. भारताच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनची सूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली, सह्या ऑक्टोबरमध्ये झाल्या. मधल्या काळात उतावळ्या लोकांच्या गळ्यात आपला माल मारणारेच कमावतात. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा.

प्रश्न : आम्ही एका अमेरिकी कंपनीसाठी सुटे भाग बनवतो. तेच ड्रॉइंग दुसऱ्या देशातल्या ग्राहकासाठी वापरले तर चालेल का?

तो भाग अमेरिकेच्या लष्करी सामग्रीच्या यादीत असेल तर लेखी परवानगीशिवाय नाही. नियंत्रण नुसत्या भागावर नसते. ड्रॉइंग आणि तपशीलही त्यात येतात. परवान्यात नाव नसलेल्या उपकंत्राटदाराला फाइल ईमेल करणे हेही उल्लंघन ठरू शकते. मूळ कंपनीकडून भागाचे वर्गीकरण लेखी मागवा, करारातले पुनर्हस्तांतरणाचे (माल वा माहिती पुढे तिसऱ्याला देण्याबाबतचे) कलम शोधून काढा आणि दोन्ही कागद निर्यात-नियंत्रण जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. ऑर्डर घेतल्यावर नव्हे, कोटेशन पाठवण्याआधी.