क्लास पालकांचा, हजेरी मुलीची

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: मुलगी विज्ञान शाखेतून ७१ टक्क्यांनी बारावी झाली. धाकटा मुलगा आठ वर्षांचा, त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. अशा मुलांच्या पालकांसाठी चालणारा आहाराचा ऑनलाइन क्लास त्यांनी मुलीच्या नावावर घेतला, कारण संध्याकाळी त्यांचं दुकान असतं आणि ‘बायको दहावी, तिला काय कळणार’. क्लासमध्ये ऐकून पाच आठवड्यांपासून मुलाचा पाव आणि दूध बंद केलंय. आता प्रश्न: ‘मुलीला डाएटिशियनच करायचं ठरवलंय, म्हणजे भावाची कायमची सोय होईल. तिला जिऑलॉजीचं (भूगर्भशास्त्राचं) खूळ आहे, ते कसं काढावं आणि कुठे प्रवेश घ्यावा?’

नमस्कार,

७१ टक्क्यांत काय मिळेल हे सांगायला दोन ओळी पुरतील. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकले आणि अजून तिथून हलता येत नाहीये. तुम्ही कौतुकाने लिहिलंय: ‘सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की मुलगीच त्याला मागच्या खोलीत नेऊन धरून ठेवते. तो चावतो, ओरबाडतो, पण ती सोडत नाही.’

हे कौतुक करण्यासारखं नाही हो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला तुम्ही रोज सकाळी भावाच्या आवडीच्या घासावर पहारा करायला बसवलंय. ज्या पोराच्या आयुष्यात ठरलेल्या चार गोष्टी आहेत, त्यातली एक म्हणजे सायकलवरून येणारा तो गरम पाव. तो हिसकावणारी माणूस म्हणून त्याच्या मनात आता त्याची ताई बसणार. आणि ताईच्या मनात काय बसत असेल? तिचं स्वतःचं एक अक्षरही तुमच्या पत्रात नाही. आहे तो ‘खूळ’ एवढाच शब्द.

तुमची भीती मला कळते. ‘आमच्या पाठी याचं कोण?’ हा प्रश्न ऑटिझम असलेल्या मुलाच्या प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. पण त्याचं उत्तर मुलीच्या पदवीत शोधू नका. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार ऑटिझम असलेल्या व्यक्तीसाठी, ती सज्ञान झाल्यावर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्याच ट्रस्टची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर आधी त्यामागे लागा. बहीण उद्या आपणहून भावाची पालक होईलही, पण त्यासाठी तिला डाएटिशियन असावं लागत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ बहीणही चालते.

आता ते पाव-दुधाचं. ग्लुटेन आणि केसीन, म्हणजे गव्हातलं आणि दुधातलं प्रथिन, नीट पचत नाही, त्याचे तुकडे आतड्यातून रक्तात जातात आणि मेंदूवर अफूसारखं काम करतात, म्हणून दोन्ही बंद केलं की ऑटिझम उतरतो, असा हा तर्क. गेली कित्येक वर्षं तो फिरतोय आणि ऐकायला पटतोही. पण काळजीपूर्वक घेतलेल्या चाचण्यांत त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असला आहार वापरू नका, असं सरळ लिहून ठेवलंय. सिलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) आजार किंवा दुधाची अॅलर्जी तपासणीत निघाली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. आणि सिलिअॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते, आधी बंद केला तर ती फसवू शकते. मुळातच मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातलेच दोन काढून घेतले तर उरतं काय? तुम्हीच लिहिलंय: भात आणि केळ्याच्या चिप्स. त्याचं वजन उतरलंय आणि क्लासवाले म्हणतात ‘सुरुवातीला असं होतं’. हे मी मुळीच मान्य करणार नाही. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या, वजन-उंची मोजून घ्या आणि काय बंद केलं होतं ते न लपवता सांगा.

असे क्लास वाईटच असतात असं नाही. चांगल्या क्लासची खूण मला विचाराल तर तो कुठलाही पदार्थ बंद करण्यापासून सुरू होत नाही. मूल कशाला नाही म्हणतंय, वासाला, रंगाला की तोंडात लागणाऱ्या गिळगिळीतपणाला, हे बघायला तो शिकवतो. बद्धकोष्ठ असेल तर भूक मरते हे सांगतो. काही औषधांनी भूक वाढून वजन चढू शकतं हेही सांगतो. तीन दिवस काय, किती, कुठे बसून खाल्लं ते वहीत उतरवायला लावतो. मग खातोय त्याच पदार्थाचा हात धरून एकेक पाऊल पुढे. सत्तरी तालुक्यातली एक आई माझ्याकडे मोठ्या मुलाच्या प्रवेशाचा सल्ला घ्यायला यायची, तिची धाकटी फक्त कुरकुरीत खायची. उकड्या तांदळाची पेज समोर आली की ताट ढकलायची. आईने पेजेचा नाद सोडला. आधी तांदळाचा पापड, मग नाचणीचा, मग नाचणीचीच कडक भाजलेली पातळ भाकरी, पापडाएवढी. भाकरीपर्यंत यायला चार महिने लागले. ही बाई सातवी शिकलेली. हुमण (माशाचं कालवण) उकळत असलं की मुलगी स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, हे तिने ओळखलं आणि मुलीचं ताट बाल्कनीत मांडायला लागली. कुठल्याही प्रमाणपत्राने तिला हे शिकवलं नसतं. रोज भरवणाऱ्या हातालाच ते कळतं.

म्हणून क्लासला बसायचं ते तुमच्या पत्नीने, आणि तुम्हीही. इंग्रजीची अडचण असेल तर रेकॉर्डिंग मागून घ्या, थांबवत थांबवत ऐका, आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकान साडेसहाला बंद करा. आधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा, की शिकवणारी व्यक्ती आहारशास्त्र रीतसर शिकलेली आहे का आणि मुलाचं वजन उतरलं तर ते काय करायला सांगतात. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे गेले समजा आणि बाहेर पडा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज या सरकारी रुग्णालयाची वाट धरा, तिथे आहारतज्ज्ञांचा सल्ला मागा.

राहिला मुलीचा प्रश्न. डाएटिशियन व्हायचं तर गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्राची पदवी (पणजीत गोवा कॉलेज ऑफ होम सायन्स आहे), पुढे एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, रुग्णालयात इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा. ऑनलाइन क्लासचं प्रमाणपत्र या वाटेवर कुठेच मोजलं जात नाही. ती शिकून बाहेर पडेल तेव्हा तुमचा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्याला आज जेवायचंय.

आणि जिऑलॉजी हे खूळ कसं? मिरामारच्या धेंपे महाविद्यालयात आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात हा विषय आहे. पुढे गोवा विद्यापीठात भूविज्ञान आहे, सागरविज्ञानही आहे, आणि १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला उभी आहे. खाणीच्या तालुक्यात वाढलेल्या मुलीला पायाखालच्या लाल मातीबद्दल प्रश्न पडले, तर मला त्यात आनंदच वाटतो. प्रवेश अर्जावर विषय तिचा तिला भरू दे. मनात असेल तर तिला माझ्याकडे पाठवा, पण एकटीला. तुम्ही बाहेर बसायलाही येऊ नका.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की दुसऱ्याच दिवशी, भोंगा वाजला की मुलाचा हात धरून गेटवर तुम्ही स्वतः जा. मुलीला तेवढा वेळ झोपू द्या.